कच्च्या कॉइलचा नंदू

सन दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती आणि मला शटर वर करायला लावील असा माणूस अंबरनाथमध्ये उरलेला नाही, अशी माझी समजूत होती. ती एका शुक्रवारी सकाळी नंदूने मोडली. शटरवर टकटक करून तो बाहेरूनच म्हणाला, "मास्तर, मागची शेड मोकळी आहे ना? आम्हाला फक्त शुक्रवारी पाहिजे."

मास्तर म्हणजे मी. शाळा चौथीत सोडली, पण वाइंडिंगच्या धंद्यात जो हाताला वळण लावतो तो मास्तर. नंदू माझ्याकडे अकरा वर्षं होता. मग उल्हासनगरच्या एका मोठ्या वर्कशॉपात गेला. तो गेल्याचा मला राग नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत असे.

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"आमच्या बँडला."

मला हसू आलं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, कानावरचे केस पिकलेले. "लग्नाच्या वरातीचा की गणपतीचा?"

"ब्लूज-रॉकचा."

"हे कुठलं खूळ?"

"ऐकून बघा," नंदू म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं वाक्य. मोटार भरून झाली, म्हणजे आत नवी तार गुंडाळून झाली, की दुसरे कारागीर 'झालं' म्हणतात आणि विडी पेटवतात. नंदू अकरा वर्षांत एकदाही 'झालं' म्हणाला नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या अंगाला लावायचं, मूठ कानात दाबायची, डोळे मिटायचे आणि शेवटी म्हणायचं, "ऐकून बघा." बेअरिंग असं ऐकतात, ते आम्हीही ऐकतो. पण आम्ही अर्धा मिनिट ऐकतो. हा देवळात बसल्यासारखा बसायचा. "ही कण्हतेय मास्तर," म्हणायचा. मी म्हणायचो, "मग काय बाळंतपण करायचं का तिचं?"

भर मे महिन्यात पुऱ्या बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. तारेचे वेढे मोजताना आकडे नाही म्हणायचा, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचा. मी मुद्दाम दोन-चार वेळा काउंटर लावून त्याची चूक पकडायला गेलो. सापडली नाही, म्हणून काउंटरच खराब असेल असं ठरवलं. अक्षर मात्र सुरेख. आमच्याकडे प्रत्येक मोटारीला सुतळीने चिठ्ठी बांधतात: गिऱ्हाइकाचं नाव, खाली सूचना. त्या सगळ्या चिठ्ठ्या नंदू लिहायचा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी तो प्रकार आधी आणि नंतरही हाताखालच्या पोरांवर सोडला, त्या अकरा वर्षांत त्याच्यावर.

एकदा शिरगावच्या पिठाच्या गिरणीची मोटार आली. गिरणीवाल्या शेलारबाई तोंडाच्या तिखट. मोटार भरली, फिरली, बाई रिक्षा घेऊन आल्या, आणि नंदू म्हणतो, आज देणार नाही.

"का रे बाबा? फिरतेय की!"

"फिरतेय. पण सूर बरोबर नाही."

"मेल्या, मला दळण दळायचंय, भजन नाही करायचं!"

बाईंची बाजू बरोबर होती आणि मी बाईंच्या बाजूने होतो. नंदूचा हात बाजूला करून मोटार मी स्वतः रिक्षात चढवली. तिसऱ्या दिवशी ती जळून परत आली. एक वेढा आतून कापला गेला होता, तोही मी भरलेल्या कॉइलमध्ये. नंदू त्यावर एक अक्षर बोलला नाही. पुन्हा कॉइल भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'शेलारबाई. तातडीने.' बरोबर असणं हा त्याचा सगळ्यात वाईट गुण होता, आणि गप्प राहणं हा त्याहून वाईट.

तर शेड दिली. नाही म्हणता आलं असतं, पण सुमन, म्हणजे माझी बायको, आधीच चहाचं आधण ठेवून बसली होती.

शुक्रवारच का, तर आमच्याकडच्या कंपन्यांना शुक्रवारची सुट्टी. कंपन्या बंद असल्या की विजेच्या लाइनमध्ये घाण येत नाही आणि यांचा अ‍ॅम्प्लिफायर भणभणत नाही. बँडचं नावही तेच: 'शुक्रवार बंद'. दुकानावर लावायची पाटी यांनी ढोलावर लावली. मंडळी तीन. गिटार आणि गाणं नंदूचं. जाड तारांची गिटार उल्हासनगरच्या सिंधी हरेशकडे. त्याच्या घरचा जीन्स शिवायचा कारखाना. ढोल, झांजा आणि पायाने हाणायचं एक मोठं पिंप हे खरवईच्या बाळूकडे, बाळू प्लंबर. एक वाइंडर, एक शिंपी, एक प्लंबर. कोणाचं काही बिघडलं असतं तर तिघं मिळून दुरुस्त करून आले असते. ते सोडून गाणी करत होते.

ब्लूज म्हणजे काय ते मला हरेशने समजावलं. "देखो काका, एक लाइन बोलायची. फिर वही लाइन परत बोलायची. आणि तिसऱ्या लाइनीत जवाब द्यायचा. बस, दुख हलका हो जाता है."

मी म्हटलं, "माझी आई भांडताना रोज हेच करायची. दुःख हलकं झालेलं आम्ही काही पाहिलं नाही."

"साईं, आपकी मां तो ओरिजिनल ब्लूज थी," हरेश म्हणाला आणि बाळू पिंपावर डोकं ठेवून हसला.

त्यांची पहिली ऑर्डर मी डोळ्यांनी पाहिली. बाळूच्या चुलतभावाची हळद, खरवईत. दुपारचा मांडव, बाया नटून बसलेल्या, पोरं नाचायला टपलेली. आणि नंदूने काय लावलं? पाण्याचा टँकर न आलेल्या चाळीचं गाणं. एक ओळ, परत तीच ओळ, मध्ये गिटार मांजरासारखी रडते. पोरांनी दोन पावलं नाचून पाहिली आणि थांबली. नवरदेवाचा मामा हळदीच्या हातांनीच उठला.

"आरं, ही हलद हाय का मयत?"

बाळू मान खाली घालून म्हणाला, "मामा, जरा ऐक तरी."

"ऐकतूय म्हनून तर इचारतूय!" म्हणत मामाने वायर उपटली. हरेशची गिटार मेली, माइक मेला. नंदू थांबला नाही. वीज गेलेली गिटार म्हणजे फळीला बांधलेली तार, दोन हातांवर ऐकू येत नाही. त्याने ते गाणं तसंच, ओठ हलवत, शेवटपर्यंत पुरं केलं. मग वाकून नमस्कार केला. मांडवात कोणी बघतसुद्धा नव्हतं. एका म्हातारीने तेवढं विचारलं, "मंग टँकर आला का रं त्यो?" नंदू तिला म्हणाला, "नाही आला आजी." दोन महिने तो हे सांगत होता की कुणीतरी गाणं ऐकलं. एका म्हातारीवर माणूस दोन महिने काढतो, यापरतं वेड कुठलं?

आता त्या गिटारविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गिटारच्या पोटात तारांखाली एक कॉइल असते. सहा लोहचुंबकाच्या खुंट्या, त्यांच्याभोवती शेहेचाळीस गेजची तार, केसापेक्षा बारीक, आठ हजार वेढे. तार थरथरली की कॉइलला कळतं आणि आवाज अ‍ॅम्पमधून निघतो. लोक ही वस्तू विकत आणतात. नंदूने ती स्वतः भरली होती, आणि कच्ची ठेवली होती.

कच्ची म्हणजे वार्निश न केलेली. आमच्या धंद्यात याला क्षमा नाही. वेढे सैल राहिले की थरथरतात, एकमेकांवर घासतात, वरचं इनॅमल जातं आणि मोटार जळते. म्हणून कॉइल वार्निशमध्ये बुडवायची आणि बल्बच्या पेटीत सुकवायची. मग आठ हजार वेढ्यांचा एक दगड होतो. मी पन्नास वर्षांत दुकानातून कच्ची कॉइल बाहेर जाऊ दिली नाही.

"ही का उघडी ठेवलीयस, लाज वाटत नाही?" मी पहिल्याच शुक्रवारी विचारलं.

"कच्ची आहे म्हणून तर तिला ऐकू येतं, मास्तर. बघा," म्हणून त्याने गिटारच्या लाकडावर नखाने टिचकी मारली. अ‍ॅम्पमधून 'टक्' आलं, दार वाजवल्यासारखं. मग त्याने तोंड अगदी कॉइलजवळ नेलं आणि हाक मारली. माइकमध्ये नाही, कॉइलमध्ये.

"अण्णा, डबा आणलाय!"

तो आवाज अ‍ॅम्पमधून आला तेव्हा त्याचा राहिला नव्हता. बारीक, लांबचा, पत्र्यापलीकडून आल्यासारखा. दारात सुमन चहा घेऊन उभी होती. तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

अण्णा म्हणजे नंदूचे वडील. अंबरनाथच्या एका कंपनीत होते. कंपनीला एके दिवशी टाळं लागलं. सगळे महिनाभर फाटकाबाहेर बसले, मग एकेक करून उठले, कोणी भाजी विकायला लागला, कोणी गावी गेला. अण्णा उठले नाहीत. वर्षभर ते रोज पहिल्या पाळीच्या वेळेला जाऊन बंद फाटकासमोर बसत, आणि एकोणीस वर्षांचा नंदू दुपारी तिथे डबा नेई. रस्त्याच्या या बाजूने हाक मारी. अण्णांना कमी ऐकू येई, मशीनवर कान गेलेले. दोन-तीन हाका लागत. अण्णा गेल्यावर त्याने कॉइल भरायचं काम धरलं आणि माझ्याकडे आला. हे मला माहीत होतं. त्याचं गाणं होईल असं वाटलं नव्हतं.

त्या गाण्याचं नाव 'फाटकाबाहेर'. ते काढणार होते त्या अल्बमचंही तेच. आठ गाणी, शेवटचं हे. गाणं संपत आलं की वाद्यं थांबायची आणि ती हाक यायची. नंदूला मस्कतला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काम मिळालं होतं. प्रकाशन रविवारी सकाळी, आणि त्याच संध्याकाळी विमान. त्याला एवढंच पाहिजे होतं की जायच्या आधी ती हाक रेकॉर्ड व्हावी. "अण्णांचा एक धड फोटो नाही घरात," एकदा म्हणाला होता, "ही हाक तरी राहू दे."

रेकॉर्डिंग आमच्याच शेडमध्ये, प्रकाशनाच्या नऊ दिवस आधीच्या शुक्रवारी. कॉम्प्युटर आणि माइक घेऊन एक माणूस कल्याणहून येणार होता, त्याला तेवढाच एक दिवस रिकामा होता. गुरुवारी सकाळी नंदू गिटार घेऊन आला. कॉइलची बाहेरची वायर सुटली होती.

"मास्तर, मला वर्कशॉपात हिशेब मिटवून निघायचंय. एवढा एक टाका मारून ठेवाल? फक्त टाका. बाकी हात लावू नका."

बाकी हात लावू नका! ज्याने त्याला सोल्डरिंगची पकड शिकवली त्याला.

टाका मारायला दोन मिनिटं लागली. मग ती कॉइल माझ्यासमोर उघडी पडली. सैल, कच्ची, नागडी. उद्या कल्याणचा माणूस येणार, तो बघणार, माझ्या शेडमध्ये, माझ्या हाताखालच्या माणसाचं काम. कच्ची का, ते नंदूने मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं नव्हतं. पन्नास वर्षांचा धंदा एका टिचकीने खोटा ठरतो होय? माळ्यावरून वार्निशचा डबा काढला. चांगली बुडवली, निथळली, संध्याकाळपर्यंत बल्बच्या पेटीत सुकवली. काचेसारखी चकचकीत झाली. बसवून टाकली. मनात म्हटलं, आता म्हण 'ऐकून बघा'.

शुक्रवारी सात गाणी दुपारपर्यंत झाली. नंदू दोनदा थांबला, गिटारकडे पाहिलं, अ‍ॅम्पचा खटका फिरवला, पुढे गेला. मग आठवं गाणं. वाद्यं थांबली. नंदू वाकला, तोंड कॉइलजवळ नेलं.

"अण्णा, डबा आणलाय!"

अ‍ॅम्पमधून काहीच आलं नाही. त्याचा स्वतःचा आवाज तेवढा पत्र्याच्या शेडमध्ये घुमला, साधा, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा.

"अ‍ॅम्प गेला काय?" बाळू म्हणाला.

नंदूने नखाने टिचकी मारली. नाही. पुन्हा मारली. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून दोन स्क्रू सैल केले, कॉइल उचलली आणि नाकाजवळ नेली. वार्निशचा वास महिनाभर जात नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, वार्निश?"

"हो. कच्ची होती."

हरेश ओरडला. "क्या काका! ये क्या किया? आज का ही दिन था आपको? अरे तीन साल का मेहनत..."

"साईं," नंदू हरेशला म्हणाला. नुसतं तेवढंच. मग कॉइल उजेडात धरली, सगळीकडून फिरवून पाहिली. "चोख बसलंय. एक बुडबुडा नाही." आणि परत स्क्रू पिळले.

मी त्याच्या शिव्यांची वाट बघत होतो. माझी उत्तरं तयार होती. तो शिव्या देता तर मी जिंकलो असतो.

कल्याणचा माणूस म्हणाला, "हाक माइकवर घेऊ या. कॉम्प्युटरवर लांबचा आवाज करता येतो."

"नको," नंदू म्हणाला. "ती हाक फाटकाच्या अलीकडचीच राहील, अण्णांपर्यंत पोचणार नाही. तेवढी जागा रिकामी ठेवा." नवी कॉइल भरून तपासायला निवांत दोन दिवस लागतात. कल्याणच्या माणसाला हा एकच दिवस होता, आणि नंदूचे उरलेले दिवस जायच्या धावपळीचे. त्यांनी गाणं पुन्हा घेतलं, आणि हाकेच्या जागी तिघंही गप्प उभे राहिले. बाळूचा पाय तेवढा हवेत मोजत होता.

मी त्या दिवशी जेवलो. व्यवस्थित जेवलो. सुमनने वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन आत गेली.

प्रकाशनाचा थाट काय सांगावा! बदलापूरला एक हॉल, पन्नास खुर्च्या, त्यातल्या निम्म्या भरलेल्या. गाणी लोकांच्या फोनवर सकाळीच आली होती, मग प्रकाशन कशाचं? तर हरेशने जीन्सच्या कापडाच्या चिमुकल्या पिशव्या शिवून आणल्या होत्या, आत पेनड्राइव्ह. त्या पिशव्या अ‍ॅम्पसमोर मांडल्या. अ‍ॅम्पला दसऱ्याच्या हत्यारांसारखं हळदकुंकू, झेंडूचा हार. नारळ फोडायला मला बोलावलं. मी उठत नव्हतो. नंदू खाली येऊन माझ्या खुर्चीपाशी उभा राहिला.

"मास्तर, हत्यारांचा नारळ तुम्हीच फोडायचा. रीत आहे."

"रीत तुला आता आठवली?"

"मला सगळ्या आठवतात," तो हसून म्हणाला. नारळ एका फटक्यात फुटला. माझा हात अजून तेवढा आहे.

मग ते वाजवायला लागले. हरेश लटपटत होता, बाळू दोनदा पुढे पळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत अर्धे नातेवाईक. मी हाताची घडी घालून बसलो होतो. शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. नंदू कॉइलवर वाकला, पूर्वी वाकायचा तसा, आणि काही बोलला नाही. पंखे फिरत होते. लोकांना वाटलं गाणं संपलं, दोघातिघांनी टाळ्या सुरू करून थांबवल्या.

सुमन माझ्या कानाशी म्हणाली, "इथे तो हाक मारायचा ना हो?"

"गप बस," मी म्हटलं.

बाहेर सामान रिक्षात भरून झालं तेव्हा नंदू माझ्याजवळ आला. पिशवीतून तारेची रीळ काढली. शेहेचाळीस गेज, अर्धी उरलेली, वर कॉइल भरायचा एक रिकामा बॉबिन. "विमानात नेऊ देतात की नाही कोण जाणे. तुमच्याकडे असू द्या, मास्तर."

"मी काय करू? मी दुकान बंद केलंय."

"असू द्या," तो म्हणाला आणि वाकून नमस्कार केला, तसाच, मांडवात केला होता तसा.

रिक्षा चालू होईना. तीनदा किक मारली, खोकली, बंद. चालक शिव्या द्यायला लागला. नंदू प्रकाशनाच्या नव्या पांढऱ्या शर्टात, मनगटाची बटणं लावलेला, उतरला आणि मागे जाऊन उकिडवा बसला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानात, डोळे मिटलेले. "मार किक," म्हणाला. या वेळी इंजिन लागलं. हरेश आणि बाळू हसत होते, हॉलमधून निघालेले लोक वळून बघत होते. तो ऐकत होता. मग उठला, गुडघे झटकले, चालकाला म्हणाला, "बेअरिंग चाललंय. पण आज पोचवेल." रिक्षा गेली. मागच्या काचेतून जीन्सच्या खोळीतली गिटार दिसत होती, तो दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शटर वर केलं. सुमन चहा ठेवून गेली. वार्निशचा डबा माळ्यावर होता, तो तिथेच राहू दिला. बॉबिन मशीनला लावला, चष्मा पुसला आणि आठ हजार वेढे भरले. हात तीन ठिकाणी कापला, तार दोनदा तुटली, पुन्हा पहिल्यापासून भरली. दुपार झाली तेव्हा टोकं बांधली, कॉइल कच्चीच फळीवर ठेवली. मग सुतळीचा तुकडा घेतला, चिठ्ठी घेतली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती स्वतः लिहिली. अक्षर वाकडं आलं, येऊ दे: 'नंदू. वार्निश लावू नये.'